फाटलेल्या पानाचा हिशेब

१/ सिगारचे वरचे पान तडकले तर ते घरच्या घरी कसे सांधावे, याच्या कृती आज शौकिनांच्या वर्तुळात मोठ्या आस्थेने सांगितल्या जातात. चिमूटभर पेक्टिन, दोन थेंब पाणी, जुन्या सिगारच्या पानाचा एक तुकडा आणि थोडा धीर, एवढ्यात काम भागते. कृती खरी आहे. ती सांगताना एक गोष्ट मात्र हटकून गाळली जाते. ही विद्या मुळात सिगार वळणाऱ्या कामगारांची आहे, आणि फाटलेले पान त्यांच्या मजुरीच्या हिशेबात येत असे. सिगारचा इतिहास ओढणाऱ्यांच्या नावांऐवजी या फाटलेल्या पानापासून वाचला, तर तो अधिक खरा दिसतो.

२/ आधी रचना. हाताने वळलेल्या सिगारला तीन थर असतात. आत गाभ्याची पाने, त्यांना आवळून धरणारे बांधणीचे पान, आणि सर्वांत वर तिरके गुंडाळत नेलेले, डोळ्यांना दिसणारे एकमेव पान, म्हणजे रॅपर. क्यूबात या तिघांना अनुक्रमे त्रिपा, कापोते आणि कापा म्हणतात. हे वरचे पान वजनाने नगण्य, पण किमतीने सर्वांत महाग. त्यावर ठळक शिरा चालत नाहीत, भोक चालत नाही, रंग एकसारखा लागतो आणि ताण दिला तरी ते तुटता कामा नये.

३/ असे पान फाटते कशाने? तंबाखूचे पान हवेतील ओलावा शोषते आणि सोडतेही. हवा कोरडी झाली की पातळ रॅपर कडक आणि ठिसूळ होते; बोटाच्या दाबानेही तडा जातो. उलट, कोरडी सिगार एकदम दमट जागी ठेवली तर आतला गाभा फुगतो आणि वरचे पान तेवढे ताणले न गेल्याने उभे चिरते. म्हणून साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता राखण्याचा प्रघात आहे. तडा हा बहुधा घाईचा परिणाम असतो.

४/ दुरुस्तीही याच तत्त्वावर चालते. सिगारला आधी काही दिवस, कधी काही आठवडे, सावकाश ओलावा परत मिळू द्यायचा. मग त्याच रंगाच्या एखाद्या टाकाऊ सिगारचे वरचे पान किंचित ओलसर करून उलगडायचे, तड्यापेक्षा थोडा मोठा तुकडा कापायचा, त्याच्या शिरा मूळ पानाच्या वळणाला जुळवून घ्यायच्या आणि पाण्यात कालवलेल्या पेक्टिनचा अगदी पातळ हात देऊन तो बसवायचा. डिंक जास्त झाला तर पान सुकताना आक्रसते आणि शेजारीच नवा तडा जातो. पानाला किड्याची गोल छिद्रे असतील किंवा बुरशी धरली असेल, तर ठिगळाचा उपयोग नाही.

५/ पेक्टिन ही अलीकडची घरगुती सोय आहे. कारखान्यात सिगारचे टोक बंद करण्यासाठी रंगहीन, चवहीन वनस्पतिज डिंक वापरतात. त्यांपैकी प्रसिद्ध म्हणजे ट्रॅगकांथ. तो इराण आणि पश्चिम आशियातील काटेरी झुडपांपासून मिळतो. हवानात वळलेल्या सिगारच्या टोकावरचा थेंबही असा दूरवरून आलेला असू शकतो. मात्र डिंकापेक्षा महत्त्वाची होती ती बोटांची समज. ती कोणत्याही बाजारात विकत मिळत नव्हती.

६/ या समजेचा एक नामवंत साक्षीदार आहे. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार महासंघाची १८८६ साली स्थापना झाली, तेव्हा अध्यक्षपदी निवडून आलेले सॅम्युएल गॉम्पर्स हे मूळचे सिगार वळणारे कारागीर. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी कारागिराचे कसब कशात असते ते नोंदवले आहे. पानाचा निरुपयोगी भाग केसभर अंतराने कापून टाकणे आणि पानावरची भोके झाकली जातील अशा बेताने ते गुंडाळणे, यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. सदोष पान सावरून घेणे हा कामाचा अपवाद नव्हता. ते कामच होते.

७/ ‘घरच्या घरी’ या शब्दांचाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमधील कित्येक स्थलांतरित कुटुंबे चाळवजा इमारतींच्या कोंदट खोल्यांत राहत, स्वयंपाक करीत, झोपत आणि तिथेच सिगार वळीत. मुलेही हाताखाली असत. गॉम्पर्स यांनी तरुण लोकप्रतिनिधी थिओडोर रूझवेल्ट यांना या खोल्या दाखवल्या आणि त्यांचे मत पालटले. अशा घरकामावर बंदी घालणारा कायदा १८८४ साली झाला. १८८५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो रद्द केला. कामगाराने स्वतःच्या घरात काम करणे हा त्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असे कारण देण्यात आले. खोलीतील धुळीला त्या स्वातंत्र्याशी देणेघेणे नव्हते.

८/ तरीही याच व्यवसायाने एक विलक्षण संस्था घडवली. हात गुंतलेले, पण कान मोकळे. म्हणून १८६५ साली हवानाच्या कारखान्यात कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक, म्हणजे लेक्तोर, बसू लागला. त्याचे मानधन कामगार आपल्या कमाईतून देत आणि काय वाचायचे तेही तेच ठरवीत. वर्तमानपत्रे, कादंबऱ्या, राजकीय लेखन असे सारे वाचले जाई. ही प्रथा फ्लोरिडातील टॅम्पापर्यंत गेली. १८९१ साली क्यूबाचे स्वातंत्र्यनेते होसे मार्ती तेथील सिगार कामगारांसमोर बोलले, तेव्हा समोर ऐकायला तयार झालेला वर्ग होता. १९३१ साली टॅम्पाच्या मालकांनी वाचकांना बंदी केली. वाचनाची ताकद त्यांनीही ओळखली होती.

९/ आता पानाकडे परत येऊ. निर्दोष रॅपरच्या हव्यासाने भूगोल बदलला. १८६३ साली याकोबुस निनहाउस हा डच व्यापारी सुमात्रा बेटावरील देली भागात पोहोचला. तिथले पान पातळ, लवचीक आणि रंगाने देखणे निघाले. थोड्या वजनात पुष्कळ सिगारी गुंडाळता येत. पाहता पाहता जंगल तोडून मळे उभे राहिले आणि त्यांवर राबण्यासाठी प्रथम चिनी, पुढे मोठ्या संख्येने जावाचे मजूर आणले गेले.

१०/ १८८० च्या कुली अध्यादेशाने करार मोडणाऱ्या मजुराला दंड आणि कैदेची शिक्षा ठेवली. काम सोडणे हाच गुन्हा ठरला. १९०२ साली वकील फान डेन ब्रांड यांनी देलीतील अत्याचारांवर पुस्तिका लिहिली. मग रेमरेव्ह या सरकारी वकिलाने चौकशी केली, पण १९०४ चा तो अहवाल दफ्तरात पडून राहिला. इतिहासाभ्यासक यान ब्रेमन यांनी तो शोधून १९८७ साली प्रकाशात आणला. युरोपच्या दिवाणखान्यांत ज्या पानावर एक डागही खपत नव्हता, त्या पानाचा डाग ऐंशीहून अधिक वर्षे कागदपत्रांत झाकून ठेवला होता.

११/ सुमात्राच्या पानाशी टक्कर देण्यासाठी अमेरिकेने दोन उपाय केले. एक म्हणजे जकात. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने रॅपरवरचा कर पौंडामागे दोन डॉलरवर नेला. दुसरा म्हणजे कापड. १९०० साली कनेटिकट राज्यातील विंडसर येथे शेतावर विरळ सुती कापडाचे मांडव घालून, ऊन गाळून, दमट हवा कोंडून पान पिकवले गेले. या खोऱ्यातील मळ्यांवर उन्हाळी कामाला दक्षिणेतील कृष्णवर्णीय विद्यार्थीही येत. १९४४ साली सिम्सबरी येथे आलेल्या अशाच एका तुकडीत पंधरा वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग होते. वर्णभेदाच्या पाट्या नसलेले हॉटेल आणि चर्च त्यांनी पहिल्यांदा तिथे अनुभवले आणि घरी पत्रांतून तसे कळवले.

१२/ दरम्यान, हाताच्या कामावरच संशय उभा केला गेला. १९२९-३० च्या सुमारास अमेरिकन टोबॅको कंपनीने यंत्रावर बनवलेल्या क्रेमो सिगारची जाहिरात करताना हातकारागीर थुंकी लावून टोक चिकटवतात, ही भीती देशभर पसरवली. स्वच्छतेचा प्रश्न काही ठिकाणी खराही असेल. पण त्याचे उत्तर स्वच्छ डिंक, पाणी आणि हवेशीर खोली हे होते. बाजाराने निवडलेले उत्तर होते कारागीरच काढून टाकणे. आज तेच हाताचे काम चैनीची खूण म्हणून विकले जाते.

१३/ भारताचा या कथेतील वाटा जुना आहे. मराठीत रुळलेला ‘चिरूट’ हा शब्द ‘गुंडाळी’ अशा अर्थाच्या ‘सुरुट्टु’ या तमिळ शब्दाशी नाते सांगतो. तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्लंडमध्ये इतके परिचित होते, की शेरलॉक होम्सच्या १८८७ मधील पहिल्याच कथेत तो राखेवरून ते ओळखतो. विनोद असा, की राखेवरून ओढणाऱ्याचा माग काढणाऱ्या त्या हुशार नजरेला वळणाऱ्याचा माग काढण्याची गरज भासली नाही. इतिहासलेखनही पुष्कळदा असेच वागले. चर्चिल आपल्या सिगारच्या टोकाला तपकिरी कागदाची पट्टी गुंडाळीत, ही माहिती चवीने सांगितली जाते. त्याच सिगारचे पान ज्याने गुंडाळले, त्याचे नाव कोणी विचारीत नाही.

१४/ महाराष्ट्राचा धागा येथे सरळ जोडला जातो. सोलापूर, सिन्नर, भंडारा, गोंदिया, कामठी या भागांत वळली जाणारी विडी म्हणजे तेंदूच्या पानातली तंबाखू. तिला डिंक लागत नाही, दोरा लागतो. पान भिजवून, मापाने कापून, वळून, बांधून द्यायचे. मजुरी हजार विड्यांमागे. बाद ठरवलेल्या मालाला या धंद्यात ‘छाट’ म्हणतात. पान सदोष मिळाले तरी छाट मात्र वळणारीच्या नावावर पडते, ही तक्रार जुनी आहे.

१५/ संसदेने १९६६ साली केलेल्या कायद्याच्या नावातच विडी आणि सिगार शेजारी शेजारी आहेत: विडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) अधिनियम. घरी कच्चा माल नेऊन काम करणाऱ्या स्त्रीला त्याने कामगार मानले. कच्च्या मालाचे वाटप, माल बाद ठरवणे आणि बाद मालाची मजुरी, या तिन्ही वादांच्या निवाड्याची तरतूद त्याच्या ३९ व्या कलमात होती. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. फाटलेल्या पानाची किंमत कोणी सोसायची, हा प्रश्न कायद्याच्या भाषेत इतक्या स्वच्छपणे क्वचितच मांडला गेला असेल.

१६/ यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की तंबाखू घातक आहे, मग तिच्या कसबाचा गौरव का? घातक आहे हे निर्विवाद. सांधलेली सिगार तसूभरही कमी अपायकारक नसते. पण तिचा पहिला अपाय धुराच्या आधी, पाने हाताळणाऱ्यांच्या फुप्फुसांत आणि त्वचेत होतो. श्रमांची नोंद ठेवणे म्हणजे मालाची जाहिरात करणे नव्हे. दुसरा आक्षेप असा, की एका ठिगळावर इतक्या इतिहासाचा भार कशाला? कारण तो भार त्या पानावर आधीपासूनच आहे. जकात, वसाहत, करारमजुरी, यंत्र आणि कायदा हे सारे या एका पातळ पानासाठी घडले.

१७/ तरुण अभ्यासकांसाठी यातून एक व्यवहार्य शिस्त निघते. ओढण्यासाठी ठेवलेली सिगार सांधणे हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा विषय. परंतु एखाद्या वाड्यातल्या कपाटात जुन्या चिरुटांची पेटी सापडली, तर तिला डिंक लावू नये. तडा हाही पुरावा असतो: हवेचा, साठवणुकीचा, काळाचा. पेटीवरचा छाप, कागदी पट्टी, कराचे तिकीट, वळणाची दिशा आणि एखादे मूळचे ठिगळ असेल तर तेही, जसेच्या तसे टिपून ठेवावे. त्या ठिगळात एका अनाम हाताची सही असू शकते.

१८/ आणि ज्यांना सांधायचेच आहे, त्यांनी ते एकदा स्वतः करून पाहावे. पातळ पान बोटांत धरले, की ते किती सहज फाटते हे कळते. मग दिवसाकाठी शेकडो पाने न फाडता गुंडाळणारे हात, आणि एखादे फाटले तर कापली जाणारी मजुरी, ही पुस्तकातली माहिती उरत नाही. सिगारच्या इतिहासात राजे, सेनापती आणि पंतप्रधान पुरेसे झाले. आता ज्यांची बोटे डिंकाने चिकट झाली, त्यांची नावे शोधण्याची पाळी आहे. ती हजेरीपटात, संघटनांच्या दफ्तरांत आणि सोलापूरच्या गल्ल्यांतील वृद्ध स्त्रियांच्या आठवणींत अजून मिळू शकतात.