वर्षावास संपतो, टोळ्या निघतात

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या उमरगा-लोहारा भागात आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीकडे जी घरे पडली, त्यांतली बहुतेक दिसायला भक्कम होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली घरे. पण भिंतीतले दगड एकमेकांना धरून नव्हते. हादरा बसला तशा भिंती फुटल्या आणि झोपेतली हजारो माणसे त्यांच्याखाली गेली. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र हलला, कलला, तरी उभा राहिला. पुढे नवी घरे बांधताना जोत्याला आणि दार-खिडक्यांच्या वर सिमेंट-सळईचा पट्टा फिरवू लागले, तो भिंतींना एकत्र धरून ठेवण्यासाठी.

आरोग्याच्या पानावर घरबांधणी कशाला, असे कुणी विचारील. आम्हाला वाटते, आपल्या वस्त्यांत प्रकृतीसाठी आपण जे संकल्प करतो, मग तो दारू सोडण्याचा असो, गोळ्या वेळेवर घेण्याचा असो की रोज वंदनेला बसण्याचा, ते पुष्कळदा त्या जुन्या भिंतींसारखे असतात. जाड आणि जड. एक हादरा बसला की सगळे एकदम खाली.

हादरा कधी बसतो हेही आपल्याला ठाऊक आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन, शेजारीपाजारी सोबत, घरात पोरांचा अभ्यास. या तीन महिन्यांत पुष्कळ घरे सावरतात. आणि वर्षावास संपतो न संपतो तोच कळंब, वाशी, भूम, परंड्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, मुकादम दारात असतो. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, फडाशेजारच्या कोपीत. तिथे विहार नाही, संध्याकाळ नाही, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावे लागते. आपण बांधलेली प्रत्येक सवय गावातल्या दिनक्रमावर उभी असते आणि तो दिनक्रमच मागे राहतो.

आमच्या ओळखीतल्या एका बंधूने विहारात सगळ्यांसमोर दारू सोडली. वर्षावासभर थेंब घेतला नाही. फडावर दुसऱ्या आठवड्यात अंग मोडून आले, सोबतच्यांनी पुढे केली, त्याने घेतली. एकदा घेतली म्हणजे शब्द मोडला, शब्द मोडला म्हणजे आपण संपलो, असे त्याने स्वतःशी ठरवून टाकले आणि मग रोजच सुरू झाली. चैत्रात परत आला तो विहाराकडे फिरकलाच नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीलाही लांब उभा होता. यात चूक त्याची एकट्याची नव्हती. आम्ही त्याला टाळ्या वाजवून शपथ दिली होती, पण पाय घसरला तर परत कसे यायचे हे एका शब्दानेही सांगितले नव्हते.

वास्तविक आपल्या धम्मात ही सोय आहे. आपण पंचशील ग्रहण करतो ते शिक्षापद म्हणून, म्हणजे शिकण्याचा नेम म्हणून, आणि तो प्रत्येक वंदनेत नव्याने घेतो. एकदाच घेऊन भागले असते तर रोज म्हणायचे कारण काय? बाबासाहेबांनीही तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व दिशा देते आणि प्रसंग पाहून वागण्याची मोकळीक ठेवते. खुद्द वर्षावासाचेच पाहा. भिक्खूंनी तीन महिने एका जागी राहावे हा विनय. पण आई-वडील आजारी पडले किंवा तसेच निकडीचे काम निघाले, तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची परवानगी तथागतांनी दिली आणि परत येऊन वर्षावास चालू ठेवायचा. गेला म्हणून त्याचा वर्षावास मोडला असे धरले नाही.

दारूच्या बाबतीत एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण ती न कळल्याने जीव जातो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक पूर्ण बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय थरथरणे, घाम, झोप उडणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, फिट येणे असे होऊ शकते. घरचे म्हणतात बाहेरचे झाले. बाहेरचे काही नसते, दारू तुटल्याचा तो त्रास असतो आणि त्यावर दवाखान्यात औषध आहे. म्हणून अशा माणसाला विहारात शपथ देण्याआधी त्याला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे न्यावे. सोबत एकाने जावे. रात्री-अपरात्री जीव घाबरला, नको ते विचार येऊ लागले, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येते.

गोळ्यांचेही असेच. बीपीची गोळी सकाळी आठलाच घ्यायची असे मनात बसलेले असते, फडावर आठ वाजता माणूस उसात असतो, गोळी चुकते, मग पाकीटच पिशवीत राहून जाते. काही दुखत नाही म्हणून कुणाला वाटते बरे झाले. बीपी दुखत नाही, ते एकदम लकव्याने कळते. इथे गोळी रोज घेणे पक्के, वेळ कोणती जमेल हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवावे. साखरेच्या गोळीला एवढी ढील नाही. ती जेवणाशी बांधलेली असते. गोळी घेऊन उपाशी राबले तर साखर एकदम उतरून चक्कर येते, म्हणून डॉक्टरांना कामाची वेळ सांगावी आणि कमरेला गुळाचा खडा असू द्यावा. वंदनेचे म्हणाल तर कोपीत मेणबत्ती लावायला जागा नसली तरी पोरांना घेऊन पाच मिनिटे बसता येते.

पण वाकायचे म्हणजे सगळेच सोसायचे असे आम्ही म्हणत नाही. एक दिवस खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून पाळीच्या दिवसांतही भगिनी मोळ्या उचलतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर कमी वयात गर्भपिशव्या काढून टाकण्यापर्यंत मजल गेली आणि २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शरीर कामाप्रमाणे कापून घेणे ही लवचिकता नव्हे. हे एकट्या बाईच्या नेमाने सुटणारे नाही. तिथे कोयत्यांनी एकत्र होऊन मुकादमाशी बोलावे लागेल.

आमची विहार समित्यांना विनंती एवढीच आहे. आश्विन पौर्णिमेच्या समारोपाला खीरदान होते, सत्कार होतात, भाषणेही होतात. त्यातली दोन भाषणे कमी करा. आशाताईंना बोलवा, कोण कुठल्या कारखान्याला चालले याची वही करा, बीपी-साखरेच्या माणसांना निघण्याआधी आरोग्य केंद्रातून पुढच्या गोळ्या मागून घ्यायला लावा. गोळ्या थोड्याच मिळाल्या तर फडाजवळचे आरोग्य केंद्र कोणते हेही त्या वहीत लिहा. एका टोळीत दोघे-तिघे असे ठरवा की ज्यांनी एकमेकांना दर रविवारी विचारायचे, घेतलीस का, गोळी आणि ती दुसरीही. आणि चैत्रात टोळ्या परतल्या की त्या वहीतल्या प्रत्येक घरी समितीतल्या कुणीतरी जावे. जो विहारात आला नाही, त्याच्या घरी आधी.