माळ रिकामा नाही!

साथींनो,

मागच्या पावसाळ्याआधी आमच्या बेड्यामागच्या माळावर एक गाडी आली. साहेब उतरले, हात फिरवला अन् म्हणाले, "ही पडीक जमीन. इथं काहीच नाही." आमचा आजा म्हणाला, "सायेब, पाय पाहून ठेवा, लावरीचे अंडे राह्यतात इथं." साहेब हसले. आठ दिवसांनी चर खोदले, गिरिपुष्पाची रोपं लावली. फोटो काढले. झालं वृक्षारोपण!

आम्ही विचारतो, पडीक कोणासाठी? आमच्या शेळ्या तिथंच चरतात. आमच्या बाया तिथलंच गवत कापून विकतात. पवन्या, मारवेल, कुसळी ही काय कचऱ्याची नावं आहेत?

अन् तणमोर? अकोला-वाशिमच्या माळावर पावसाळ्यात तो येतो. काळाभोर नर गवताच्या वर उडी मारतो, मादीला बोलावतो. मादी जमिनीवरच, गवताच्या आडोशाला अंडी घालते. तिला झाड नको, गवत पाहिजे. झाड लावलं की सावलीखालचं गवत मरते, अन् फांदीवर बसलेला कावळा खालची अंडी-पिल्लं उचलतो. 1972 च्या कायद्यात तणमोर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. वाघाचं जंगल तोडलं तर बोंब होते. तणमोराचं घर खोदलं तर सत्कार होतो!

कोणी म्हणेल, पारध्यांनी हे बोलावं? फासे तर तुमचेच. हो, आमच्या आज्या-पणज्यांनी फासे लावले, लपवत नाही. पण ते हजार वर्षं माळावर राहिले अन् तणमोरही राहिला. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी आम्हाला जन्मानं गुन्हेगार ठरवलं. 1952 ला तो शिक्का कागदावरून गेला, लोकांच्या मनातून नाही. माळ संपवला तो नांगरानं, सोयाबीननं, चरांनी अन् कारखान्यांनी. नाव मात्र फाशाचं!

आता आपल्यातल्याच भावांशी एक गोष्ट. काही जण म्हणतात, सगळं ई-क्लास नांगरून टाका, पट्टा तरी भेटेल. भूमिहीनाचं पोट मला कळते, मीही भूमिहीनाचाच पोरगा आहे. जो वर्षानुवर्षं कसत आला, त्याच्या नावावर ती जमीन झालीच पाहिजे, यावर माघार नाही. पण उरलेला माळ मोडला तर शेळ्या कुठं नेणार? मुरमाड जमिनीत दोन वर्षं पीक येईल, तिसऱ्या वर्षी ना दाणा ना गवत.

2006 च्या वनहक्क कायद्यानं वनजमिनीवर चराईचा सामूहिक हक्क दिला आहे. त्याच कायद्याच्या कलम 5 नं ग्रामसभेला वन्यजीव राखायचा अधिकार दिला आहे. मेंढा-लेखानं 2009 ला सामूहिक हक्क मिळवला, आपण का नाही?

म्हणून ठरवा:
1. वनजमिनीच्या माळावर प्रत्येक गावाचा सामूहिक दावा.
2. ई-क्लासवर ग्रामसभेचा ठराव. विचारल्याशिवाय एकही खड्डा नाही.
3. आषाढ ते भादवा तणमोराच्या जागेत चराई बंद, कापणी दिवाळीनंतर. हे बंधन आपलं, आपणच पाळायचं.

पुढच्या वेळी गाडी आली की साहेबांना माळावर हिंडवा, एकेका गवताचं नाव विचारा. ज्याला नाव येत नाही, त्यानं माळ रिकामा म्हणू नये.

माळ आमचा, राखू आम्ही!
जिंदाबाद!