दिवाळी आणि बीपीची गोळी

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी घरी नव्हतो. एका पुढाऱ्याच्या फार्महाऊसबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत दोन तास बसून होतो. तालुक्याच्या वार्ताहराची दिवाळी म्हणजे पुरवणीच्या जाहिरातींचं टार्गेट. मानधन किती ते विचारू नका, टार्गेट मात्र न चुकता येतं. ज्याच्या विरोधात श्रावणात बातमी केली, त्याच्याच दारात आश्विनात "साहेब, अर्धं पान तरी" म्हणत उभं राहायचं.

तिथंच फोन आला. बायको करंज्या तळता तळता खाली बसली, डोळ्यांपुढं अंधारी. सरकारी दवाखान्यात नेलं, बीपी 190 वर 110. सिस्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी कधीपासून बंद आहे?"

आठ दिवसांपासून. पाकीट संपलं होतं, आणायचं राहून गेलं. त्याच आठ दिवसांत घरात रवा आला, मैदा आला, आकाशकंदील आला, पोरांचे कपडे आले. आणणारा मीच.

घरचं रडगाणं इथं मांडतोय, कारण हे एकट्या माझ्या घरचं नाही. दिवाळी जवळ आली की मोबाईलवर सल्ले सुरू होतात. ताण घेऊ नका, स्वतःसाठी वेळ काढा. चुकीचं काही नाही. पण जी बाई रात्री बारापर्यंत कढईसमोर आणि पहाटे चारला उटण्याची वाटी घेऊन उभी, तिनं वेळ काढायचा कुठून? घरातल्या दुसऱ्या कुणी काम उचललं तरच तो निघतो. आपण पुरुष मंडळी "एवढं कशाला करतेस?" म्हणतो आणि चकली कडक झाली की तेही बोलतो.

पुरुषांचा ताण वेगळा, तो खिशातला. आपल्याकडं सोयाबीन नेमकं दिवाळीच्या तोंडावर निघतं. ओलावा 12 टक्क्यांच्या वर असला की हमीभाव केंद्रावर माल घेत नाहीत. वाळवायला सवड नसते, कारण भाऊबीज थांबत नाही. मग व्यापारी म्हणेल तो भाव. त्यात लेकीचा पहिला दिवाळसण असेल तर जावयाच्या अंगठीसाठी हातउसने. "यंदा जमत नाही" हे तीन शब्द आपल्या तोंडून निघत नाहीत. रात्री झोप उडते, कुणी बाटली जवळ करतो, आणि लोक म्हणतात, सण आहे, चालायचंच.

दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगतो. सुट्ट्यांत सरकारी दवाखान्याची ओपीडी बंद असते, लक्ष्मीपूजनाला मेडिकलवालेही लवकर शटर ओढतात. बीपी-शुगरच्या गोळ्या वसुबारसेच्या आधीच महिन्याच्या आणून ठेवा. नगरपरिषदेनं रात्री कोणतं मेडिकल उघडं राहणार याची यादी चौकात लावावी, खर्च एका फ्लेक्सचा. शुभेच्छांचे शंभर लागतातच की. आणि मन फारच जड झालं तर 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. वेड्यांसाठीच असतं असं काही नाही. फेडायच्या पैशांनी झोप उडालेल्या माणसानंही लावावा.

आमच्या घरी यंदा चिवडा आणि शंकरपाळे तेवढे करायचे ठरलंय. बाकीचं गल्लीतल्या बचत गटाकडून. तिथंही राबणाऱ्या बायकाच, पण निदान त्यांच्या कष्टाला भाव मिळतो. "विकतचा फराळ देवापुढं?" म्हणून आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काल मात्र स्वतःच गटात जाऊन भाजणीत धणे कमी पडलेत म्हणून सांगून आली.

गोळ्यांचं पाकीट आता देवघरात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. रोज दिवा लावताना दिसतं. आणणं माझ्याकडं.

ऑफिसला सांगितलंय, यंदा टार्गेट अर्धंच होईल. "बघू" म्हणालेत. तर ज्यांना जाहिरात द्यायची आहे त्यांनी फोन करावा. धनत्रयोदशीला फार्महाऊसवर मी येणार नाही.