ट्यूलिप पुरे, आता एखादा खून होऊ द्या!

दिवाळी अंक हाती आला की मी आधी अनुक्रमणिका उघडतो आणि परदेशस्थ मराठी माणसाचा लेख कोणत्या पानावर आहे ते पाहून ठेवतो. वाचण्यासाठी नव्हे, टाळण्यासाठी. त्यात काय असणार हे मला न वाचताच ठाऊक असते. विमानतळावर घरच्यांचे डोळे पाणावतात, पहिला बर्फ पडतो, ट्यूलिपच्या ताटव्यापुढे छायाचित्र निघते, मंडळाच्या गणपतीत मोदकाला कळ्या पडत नाहीत, आणि अखेरीस आईच्या पुरणपोळीची आठवण येऊन लेखकाची व वाचकाची एकदमच सुटका होते. वाईट काहीच नाही हो त्यात! पण वीस-वीस वर्षे एका देशात राहून, तिथे कर भरून, तिथल्या शाळेत मुले घालून माणसाला एवढेच दिसावे, हे मी मानायला तयार नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. ते ऐकून ज्यांना हसू येईल त्यांनी तोंडातली चकली आधी संपवावी. आमच्या परदेशस्थ मंडळींनी काही वर्षे आठवणी लिहिणे बंद ठेवावे आणि रहस्यकथा लिहायला घ्याव्यात. हॉलंडमधल्याने हॉलंडात घडणारी लिहावी, बेल्जममधल्याने बेल्जममध्ये घडणारी.

रहस्यकथेचे नाव काढले की आमच्याकडे नाके मुरडतात. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांच्यापायी घरोघरी रात्री दिवे जळले. पण 'साहित्य' कशाला म्हणायचे हे ठरवायची वेळ आली, तेव्हा तेच वाचक टोपी सावरून गंभीर बसले. मीही त्यांतलाच. इथल्या हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेला अर्नाळकर मी गणिताच्या वहीत दडवून वाचला, आणि पुढे शाळामास्तर झाल्यावर मुलांच्या वहीतून तोच जप्त केला. (जप्त केलेला मी वाचून मगच परत देत असे, हे आता सांगायला हरकत नाही.)

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला देखावा पुरतो. रहस्यकथा लिहिणाऱ्याला देखाव्याने भागत नाही. दाराला कडी आतून असते की बाहेरून, जिन्यावरचा दिवा कोण मालवतो, शेजारीण कोणत्या खिडकीतून पाहते आणि पाहिलेले कोणाला सांगते, हे त्याला माहीत असावेच लागते. जॉर्ज सिमेनाँ हा बेल्जममधल्या लिएज गावचा. १९३१ साली त्याने आपल्या मेग्रे या फ्रेंच पोलीस अधिकाऱ्याला हॉलंडमधल्या डेल्फझाइल नावाच्या लहानशा बंदरात तपासाला धाडले. मेग्रेला डच भाषेचा गंध नाही. पण भाषा येत नाही म्हणूनच तो माणसांच्या हालचाली पाहतो. त्या गावाने १९६६ साली या काल्पनिक मेग्रेचा पुतळा उभा केला!

निकोलस फ्रीलिंग हा इंग्रज तर ॲमस्टरडॅममध्ये आचारी होता. हॉटेलातले खाणे चोरल्याच्या आरोपावरून तो तुरुंगात गेला आणि तिथे लिहायला बसला. १९६२ साली त्याची पहिली कादंबरी निघाली, तिचा नायक व्हान डर व्हाल्क हा डच पोलीस. पोट भरायला परमुलखात गेलेला माणूस असाही लिहितो.

आणि ज्याची मला खरी लाज वाटते ते एच. आर. एफ. कीटिंग यांचे उदाहरण. या इंग्रज गृहस्थांनी १९६४ पासून मुंबईतल्या रहस्यकथांची माळच लावली. नायक कोण, तर इन्स्पेक्टर गणेश घोटे! म्हणजे अगदी आपल्यातला. कीटिंगसाहेबांनी तोवर हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवले नव्हते. ते आले जवळजवळ दहा वर्षांनी. न पाहिलेल्या मुंबईवर इंग्रज लिहितो, आणि रोज पाहिलेल्या हॉलंडवर आमचा माणूस एक चोरीसुद्धा लिहीत नाही. निदान माझ्या वाचनात ती आलेली नाही.

माझा भाचा गेली अकरा वर्षे हॉलंडात असतो. त्याच्यापुढे हा विषय काढला, तर तो हसून म्हणाला, "मामा, इथे गुन्हे कुठे आहेत? कैदी मिळेनात म्हणून २०१० मध्ये टिलबर्गचा तुरुंग यांनी बेल्जमला भाड्याने दिला. मग २०१५ मध्ये आणखी एक नॉर्वेला." मी म्हटले, अरे, हीच गोष्ट झाली की! भाड्याच्या तुरुंगात परक्या देशाचा कैदी. तो कोणाच्या भाषेत शिव्या देत असेल?

बोलता बोलता त्याच्या तोंडून एक गोष्ट निसटली. हॉलंडात दिवसा घराचे पडदे उघडे ठेवायची रीत आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला घरातले टेबल, दिवा, मांजर सगळे दिसते. एका हिवाळ्यात याला ताप भरला आणि तीन दिवस पडदा उघडला गेला नाही. चौथ्या दिवशी समोरच्या वृद्ध बाईंनी घंटा वाजवली. सायकल हललेली नाही, पडदा बंद, तेव्हा आत काय झाले असेल, असा त्यांनी हिशेब केला होता. पोलिसांना लाजवील असा तपास! हे सारे भाच्याने दोन वाक्यांत उरकले, आणि मग दहा मिनिटे मंडळाच्या दिवाळी पहाटेचे वर्णन केले.

माझी बहीण शेजारीच बसली होती. त्या तापाची बातमी तिला दोन वर्षांनी, अशी समजली. त्या आठवड्यातही तो फोनवर "मी मजेत आहे" असेच म्हणाला होता. आणि खरे सांगायचे तर तिने तरी दुसरे काय केले होते? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून डोळ्याला पट्टी असताना तिने कॅमेरा बंद ठेवून सांगितले होते, "इथे रेंज नाही रे." पूर्वीच्या पत्रांत 'येथील सर्व क्षेम' लिहीत, तेच आता पडद्यावर बोलतात. दोन्हीकडे काहीतरी दडवलेले, दोघांनाही एकमेकांचा संशय, पुरावा कोणाकडेच नाही. रहस्यकथेला याहून अधिक काय लागते? तिथे प्रेत पडलेच पाहिजे असे थोडेच आहे? ('होऊ द्या' म्हणून मीच वर लिहिले आहे, ते सणाच्या उत्साहात.)

प्राध्यापक मंडळी म्हणतील की हे करुण आहे, याला रहस्य कशाला म्हणता? करुणरसाने तर आमचे घात केले! डोळे पुसले की माणूस प्रश्न विचारीत नाही. त्या दिवशी बहिणीने डोळे पुसलेच नाहीत. तिने शेंगाचटणीची पुडी बांधता बांधता विचारले, "ती समोरची बाई कोण रे? एकटीच असते का? तिचा पडदा उघडला नाही तर कोण बघतं?"

भाच्याला सांगता आले नाही. अकरा वर्षांत त्याला बाईंचे नावसुद्धा ठाऊक नव्हते. परतल्यावर विचारून कळव, असे तिने त्याला बजावले आहे. पुडीही एक जादा बांधली आहे.