बुडालेले इंजिन आणि बांधलेल्या होड्या

पावसाळा सरत आला होता. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही निवासाकडे वळतो तोच आमच्या धर्मग्रामातील एक विधवा माउली पायरीशी उभी दिसली. रुमालाच्या गाठीत तिच्या सोन्याच्या दोन पाटल्या होत्या. आदल्या शुक्रवारी खाडीच्या मुखाशी तिच्या मुलाची होडी लाटेने उलटली होती. देवदयेने मुलगा व त्याचा सोबती पोहून किनाऱ्याला लागले, होडीही हाती आली. परंतु चालू असलेले आउटबोर्ड इंजिन खाऱ्या पाण्यात बुडाले होते. “फादर, पाटल्या गहाण ठेवू की विकू?” एवढेच तिने विचारले.

आम्ही मुलाला बोलावून घेतले. इंजिन बाहेर काढल्यावर त्याने अंधार पडेपर्यंत दोरी ओढून ओढून ते सुरू करण्याचा यत्न केला होता आणि शेवटी ताडपत्रीखाली वाळूतच ठेवून दिले होते. दुसऱ्या दिवशी शहरातील एका कारागिराने ते न उघडताच भली मोठी रक्कम सांगितली. त्या आकड्यानेच घर हादरून गेले होते.

आम्ही काही यंत्रशास्त्री नव्हे. तथापि आमच्या धर्मग्रामात इंजिने दुरुस्त करण्यात केस पांढरे झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी त्या दिवशी जे सांगितले, ते प्रत्येक नाखव्याच्या घरी ठाऊक असावे म्हणून येथे देत आहो.

इंजिनाचा खरा वैरी पाणी एकटे नव्हे; मीठ आणि हवा यांची जोडी होय. खाऱ्या पाण्यातून वर काढलेल्या लोखंडाला हवा लागली की काही तासांतच गंज धरू लागतो. म्हणून इंजिन वर आले की दोरीला हात लावू नये. बॅटरी असल्यास तिच्या तारा सोडवाव्या, झाकण काढून सारे इंजिन गोड्या पाण्याने भरपूर धुवावे. स्पार्क प्लग काढून त्यांची छिद्रे खाली येतील असे इंजिन आडवे करावे आणि आतील पाणी निथळू द्यावे. कार्बोरेटर व इंधनाची टाकी रिकामी करावी. मग प्लगच्या छिद्रांतून थोडे तेल सोडून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. कारागीर लगेच मिळण्यासारखा नसेल, तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवावे. ऐकणाऱ्याला हे विपरीत वाटेल, परंतु गोड्या पाण्याखाली त्याला हवा कमी लागते आणि गंज मंदावतो.

निदानही याच वेळी होते. प्लग काढलेले असताना इंजिन मोकळे फिरले, तर बहुधा थोडक्यात निभावते. एकाच जागी अडकले, तर बळ न करता ते उघडावे. चालू इंजिनात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही; त्यामुळे पिस्टनचा दांडा वाकतो. फोर स्ट्रोक इंजिनाचे तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे व स्वच्छ दिसेपर्यंत ते पुनःपुन्हा बदलावे. गिअरचे तेल दुधाळ निघाले, तर तेथील सील तपासावे.

त्या मुलाचे इंजिन एका जागी अडकत होते. उघडल्यावर एक दांडा वाकलेला आणि बेअरिंगे गंजलेली निघाली. वृद्ध कारागीर त्याला म्हणाले, “दांडा समुद्राने वाकवला, बाळा; बेअरिंगे मात्र आपण गंजू दिली.” तरीही खर्च शहरात सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी आला. यावरून शिकावे ते हे, की इंजिन उघडल्यावाचून सांगितलेला आकडा मानू नये, बदलावयाच्या भागांची यादी लेखी घ्यावी आणि काढलेले जुने भाग परत मागावे.

आता पैशाचा प्रश्न. समजा, ४०,००० रुपये हवेत. सावकार दरमहा शेकडा ५ रुपये व्याज घेत असेल, तर महिन्याचे व्याजच २,००० होते. वर्षभरात २४,००० जातात आणि मुद्दल जसेच्या तसे डोक्यावर राहते. उलट, वीस होड्यांनी आठवड्याला प्रत्येकी ५० रुपये बाजूला टाकले, तर वर्षाला ५२,००० जमतात. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात फादर मोझेस कोडी यांनी १९२८ पासून गरीब मच्छीमारांना अभ्यासमंडळे, पतपेढ्या व सहकारी संस्था यांच्याद्वारे हेच शिकविले. आपल्या गावांत ते अशक्य का असावे?

समुद्र न पाहिलेल्या आमच्या वाचकांनाही हे लागू आहे. बेळगावकडील शेतकऱ्याचा पंप पुरात बुडाला, तर तोही घाईने सुरू करू नये, आणि घाईने कर्जही काढू नये.

२९ जून रोजी, संत पेत्र व संत पौल यांच्या सणाला, गोव्यात कांदोळी येथे मच्छीमार बांधव होड्या एकमेकींना बांधून सांगोड करतात आणि त्यावर गाणी व नाटके करतात. संत लूक सांगतो की जाळी फाटू लागली तेव्हा शिमोन पेत्राने दुसऱ्या होडीतील भागीदारांना खुणावले आणि ते धावून आले. खुणावण्यास तो लाजला नाही, येण्यास ते कचरले नाहीत. होड्या सणाच्या दिवशी बांधावयाच्या आणि संकटाच्या दिवशी सोडावयाच्या, हे सांगोडाला शोभत नाही.

त्या रविवारी सायंकाळी सहा नाखवे आमच्या ओसरीवर बसले. त्यांनी दुरुस्तीचे पैसे उभे केले. मुलाने ते दर आठवड्याच्या मासळीतून बिनव्याजी फेडावयाचे ठरले. तीच आमच्या निधीची सुरुवात. पाटल्या त्याच रुमालात बांधून माउली घरी गेली. आता चर्चच्या विहिरीजवळ गोड्या पाण्याने भरलेले एक मोठे पिंप आम्ही कायम ठेवले आहे. त्याचा उपयोग कोणालाही न होवो, हीच प्रभूचरणी आमची प्रार्थना.