स्तनचित्रे वाचणाऱ्यांची परीक्षा

वरकरणी निरोगी असलेल्या हजार स्त्रियांच्या मॅमोग्राममध्ये कर्करोग आढळतो तो जेमतेम आठ-नऊ जणींत. निसटलेली गाठ बहुधा वर्षा-दोन वर्षांनी उघडकीस येते; तोवर क्ष-किरणतज्ज्ञाला आपली नजर कुठे चुकली हे कळतच नाही. म्हणून ब्रिटनमध्ये १९९१ पासून ‘परफॉर्म्स’ ही चाचणी घेतली जाते: निदान आधीच ठाऊक असलेल्या ६० अवघड प्रकरणांचा संच वाचायचा. शिवाय वर्षाला किमान ५००० मॅमोग्राम वाचण्याचा दंडक आहेच. अमेरिकेत दोन वर्षांत ९६० पुरतात. नुसत्या संख्येने नजर तयार होते, हे मात्र पटण्याजोगे नाही. शिवाय परीक्षेत सावध असलेला डोळा रोजच्या ढिगाऱ्यात तितकाच सावध राहील, याची हमी कोण देणार? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच संचांवर कृत्रिम बुद्धिमत्ता ५५२ वाचकांच्या तोडीस उतरली. तेव्हा ही परीक्षा यंत्रांनाही सक्तीची करावी, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीगणिक.