आयफोनचा मालक कोण?

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की ॲपल कंपनी आपल्या आयफोनची नवी आवृत्ती बाजारात आणते, आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातले तिचे दुकान २०२३ साली उघडल्यापासून त्याच्या दाराशी रांगा लागतात. या रांगांना हसण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या कष्टाचा पैसा कोठे खर्चावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. शिवाय हे यंत्र उत्तम आहे, हेही आम्हास मान्य आहे. आमचा प्रश्न रांग संपल्यानंतरचा आहे. लाखाच्या घरात रक्कम मोजून जो गृहस्थ हा फोन घरी नेतो, तो खऱ्या अर्थाने त्याचा मालक होतो काय?

वापरणाऱ्यांच्या मागण्या पाहिल्या तर त्यांत अवाजवी असे फारसे आढळत नाही. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये मजकूर एका जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटवण्याचीही सोय नव्हती. ती २००९ साली आली. पडद्यावरची चिन्हे मध्ये मोकळी जागा सोडून हवी तेथे मांडण्याची मुभा मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. संभाषण ध्वनिमुद्रित करण्याची सोयही त्याच वर्षीची. हा फोन भारतात आला ऑगस्ट २००८ मध्ये. पण त्याची सारी यंत्रणा मराठीतून वाचता येऊ लागली ती मार्च २०२५ च्या अखेरीस. बंगळूरात आयफोनची जुळणी २०१७ सालीच सुरू झाली होती. भारतीय कामगाराचे हात कंपनीला मराठी वाचकाच्या डोळ्यांपेक्षा आठ वर्षे आधी आठवले, एवढाच याचा अर्थ!

तथापि या सोयी उशिरा का होईना, मिळाल्या. खरी तक्रार याहून खोल आहे; ती फोनच्या आयुष्याची आहे. कोणतीही बॅटरी वापराने झिजते, यात कोणाचा दोष नाही. परंतु झिजलेल्या बॅटरीच्या जुन्या फोनांचा वेग आपणच कमी करीत होतो, अशी कबुली कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये दिली. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असे तिचे म्हणणे. कारण खोटे नसेल. पण ज्याचा फोन, त्यालाच ते सांगितले नव्हते! नवी बॅटरी घालून ज्यांचे भागले असते, अशा किती जणांनी नवा फोन घेतला असेल? ग्राहकांना अंधारात ठेवल्याबद्दल फ्रान्सने २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो उगाच नव्हे.

फोन बंदिस्त ठेवल्याने पाणी व धूळ आत शिरत नाही, हा कंपनीचा युक्तिवाद निराधार नाही. २०२० साली खोक्यातून चार्जर काढताना तिने पर्यावरणाचे कारण पुढे केले, तेही आम्ही क्षणभर मान्य करू. पण पर्यावरणाची एवढी काळजी असेल, तर अधिक वर्षे टिकणारा फोन हाच सर्वांत पर्यावरणस्नेही फोन नव्हे काय? येथे मात्र कंपनीचा हात आखडतो. एका आयफोनचा अस्सल भाग दुसऱ्यात बसवला तरी त्याची काही कामे चालू नयेत, अशी तजवीज तिने वर्षानुवर्षे ठेवली होती. लॅमिंग्टन रस्त्यावरचा कारागीर कितीही निष्णात असला, तरी या कुलपापुढे त्याचे कसब काय चालणार? अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०२४ साली या प्रथेवर कायद्याने बंदी घातली आणि कंपनीनेही त्याच वर्षी हे बंधन काहीसे सैल केले.

यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. ग्राहकांच्या विनंत्यांनी जे लवकर होत नाही, ते कायद्याने होते. चार्जिंगची तार सर्व फोनांना एकच असावी, ही मागणी जुनीच होती. युरोपीय महासंघाने २०२२ साली तसा कायदा केला, २०२४ अखेरची मुदत घातली, आणि सप्टेंबर २०२३ च्या आयफोनला टाइप-सी जोडणी आली. जून २०२५ पासून तेथे फोनचे प्रमुख सुटे भाग, त्या फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे पुरवण्याचे बंधन लागू झाले आहे.

आणि आपल्याकडे? केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही उघडले. आरंभ चांगला होता. पण माहिती देणारे संकेतस्थळ म्हणजे हक्क देणारा कायदा नव्हे. सुटे भाग किती वर्षे आणि कोणत्या दराने मिळतील, बाहेरच्या कारागिराने केलेली दुरुस्ती फोन निमूटपणे मान्य करील की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर न सोडता कायद्याने ठरले पाहिजे. आयफोन जर याच भूमीवर तयार होऊन परदेशी जात असतील, तर युरोपातल्या ग्राहकाला मिळणारे संरक्षण येथील ग्राहकाला नाकारण्यास कोणते सबळ कारण आहे? हा नियम एका कंपनीपुरता नसावा. फोन विकणाऱ्या प्रत्येकास तो लागू असावा.

पैसे मोजून घेतल्यावर वस्तूवरची विकणाऱ्याची सत्ता संपते आणि घेणाऱ्याची सुरू होते, हा बाजाराचा जुना नियम आहे. तो वाण्याच्या दुकानातल्या शेरभर साखरेला लागू आहे. लाखाच्या फोनलाही तो लागू करण्याचे धैर्य सरकारने दाखवावे.